ईएसआर वाढला म्हणजे संधिवात वाढला का?

"मॅडम, आईचा ईएसआर बासष्ट आलाय. म्हणजे वात लई वाढलाय न्हवं?"

पेशंट जतचा असो, आटपाडीचा असो की इथलाच सांगलीच्या विश्रामबागचा, रिपोर्टचं पाकीट उघडलं की आमच्या लॅबच्या खिडकीशी पहिला प्रश्न हाच येतो. ठळक छापलेला आकडा, शेजारी नॉर्मल किती ते, आणि आकडा त्याच्या तिप्पट. घाबरायला एवढं पुरतं. याच्या उलटंही घडतं. बोटं सुजून मूठ वळत नाही, भाकरी थापताना मनगटातून कळ येते, आणि रिपोर्टवर सगळं नॉर्मल. मग घरातलंच कुणीतरी बोलून जातं, "रक्तात काय निघालं न्हाई, उगं मनाचं घेतलंय."

दोन्ही वेळी आकड्याकडून तो जे सांगूच शकत नाही ते वदवून घेतलेलं असतं. ईएसआर (रक्तातल्या लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात ते) आणि सीआरपी (दाहात वाढणारं एक प्रथिन) हे दोन आकडे अंगात दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, किती पेटलाय एवढंच सांगतात. तो कुठे आहे, कशामुळे आहे आणि सांध्याचं आजवर किती नुकसान झालं, हे त्यांना ठाऊक नसतं. तरीही ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या पेशंटला डॉक्टर हे आकडे पुन्हा पुन्हा काढायला लावतात, आणि बरोबरच करतात. एकटा आकडा मुका असतो. मागच्या चार रिपोर्टांशेजारी ठेवला आणि सांधे दाबून बघितले की तो बोलायला लागतो.

आधी हा संधिवात कोणता ते सांगते, कारण आपल्याकडे दुखणारा प्रत्येक सांधा "वात" होतो. साठीनंतर गुडघा झिजतो, जिना चढताना कुरकुरतो. त्या दुखण्यात ईएसआर-सीआरपी बहुतेक वेळा नॉर्मलच राहतात. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. हाताच्या बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पायाच्या बोटांची मुळं सुजतात, बहुधा दोन्ही बाजूंना. सकाळी उठल्यावर हात अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त आखडलेले राहतात. नखाजवळचा शेवटचा सांधा मात्र सहसा सुटतो. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघर फिरून सांधेदुखीची पाहणी केली. तिच्यात या आजाराचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं, म्हणजे दोनशे प्रौढांमागे साधारण एक. बायकांमध्ये तो पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट दिसतो.

नळीतला एक तास

ईएसआरची तपासणी कधी बघायला मिळाली तर जरूर बघा, त्यात झाकण्यासारखं काही नाही. रक्ताचे चार भाग आणि सोडियम सायट्रेटच्या पाण्याचा एक भाग मिसळायचा, म्हणजे रक्त गोठत नाही. ते काचेच्या अरुंद नळीत शून्याच्या खुणेपर्यंत ओढायचं. नळीवर २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असतात. नळी स्टँडमध्ये सरळ उभी करायची आणि टायमर लावायचा. तास भरला की लाल पेशी खाली बसलेल्या असतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, मोकळा झालेला असतो. त्या पिवळ्या पट्ट्याची उंची म्हणजे तुमचा ईएसआर. ६२ आला म्हणजे तासाभरात लाल पेशी ६२ मिलिमीटर खाली सरकल्या. बस्स, एवढंच.

पेशी लवकर का बसतात? लाल पेशींच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींपासून अंतर राखून असतात आणि सावकाश खाली येतात. शरीरात दाह सुरू झाला की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवायला लागतं. ते रक्तात वाढलं की पेशींमधलं हे अंतर मोडतं, पेशी एकीवर एक चिकटून चळती होतात, आणि जड चळत भराभर तळाला जाते. म्हणजे ईएसआर दाह थेट मोजत नाही. दाहामुळे वाढलेल्या प्रथिनाचा पेशींवर होणारा परिणाम मोजतो. मध्ये दोन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर गडबड व्हायला जागा आहे.

इतिहासही तेच सांगतो. पोलंडच्या एडमंड बिएरनात्स्की यांनी १८९७ मध्ये या खाली बसण्याचा आजाराशी संबंध दाखवला. स्वीडनच्या रॉबिन फाहरेउस यांना १९१८ मध्ये तो गरोदर बायकांच्या रक्तात ठळक दिसला. त्यांचेच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये क्षयरोग्यांवर काम करताना आज वापरतात ती पद्धत बसवून दिली. एकाला गरोदरपणात, दुसऱ्याला क्षयात जो आकडा वाढलेला दिसला, तोच आपण संधिवातात बघतो. त्याच्याकडून आजाराचं नाव कसं कळणार?

नॉर्मलची रेघही सगळ्यांना एक नाही. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला १५ आणि बाईला २०, पन्नाशीनंतर पुरुषाला २० आणि बाईला ३०, अशा मर्यादा सर्रास धरतात. डॉक्टरांचा आणखी एक अंदाज असतो: पुरुषाच्या वयाचं निम्मं, आणि बाईच्या वयात १० मिळवून त्याचं निम्मं. सत्तर वर्षांच्या आजींना या हिशेबाने ४० पर्यंत चालतो. पण बऱ्याच छापील रिपोर्टांवर सगळ्यांसाठी "० ते २०" असंच असतं, आणि आजींचा ३६ ठळक अक्षरात छापून येतो.

लॅबमधल्या बारीकसारीक गोष्टीही आकडा हलवतात. नळी जेमतेम ३ अंश कलली तरी ईएसआर ३० टक्क्यांपर्यंत वाढून येऊ शकतो. खोली फार तापलेली असली तरी वाढतो. उलट रक्त काढून बराच वेळ गेला तर तो खोटाच कमी येतो. साध्या तापमानाला ठेवलेलं रक्त चार तासांच्या आत नळीत चढायला हवं. तालुक्याच्या गावात सकाळी आठला काढलेलं रक्त गाडीवरून दुपारी दोनला मुख्य लॅबमध्ये पोचत असेल, तर त्या ईएसआरवर माझा विश्वास कमीच असतो. हे रिपोर्टवर कुठेही लिहून येत नाही, म्हणून इथे लिहिते.

सीआरपी: थोडा जास्त सरळ माणूस

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. त्या जंतूच्या पेशीभित्तिकेतल्या "सी" नावाच्या अंशाशी चिकटणारं काहीतरी त्यांना रक्तात सापडलं, म्हणून हे नाव. हेही यकृतच बनवतं. सुजलेल्या सांध्यातल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा रासायनिक निरोप रक्तात सोडतात, तो यकृतापर्यंत पोचला की सीआरपीचं उत्पादन सुरू होतं. ही साखळी लक्षात ठेवा, पुढे एका औषधाच्या वेळी लागणार आहे.

सीआरपीचा वेग जास्त. दाह भडकल्यावर काही तासांतच तो चढू लागतो, दीड-दोन दिवसांत शिखरावर जातो. कारण संपलं की साधारण दर १९ तासांना निम्मा होत उतरतो. फायब्रिनोजेन मात्र रक्तात दिवसचे दिवस टिकतं, त्यामुळे ईएसआर मागे रेंगाळतो. सीआरपी नॉर्मल आणि ईएसआर अजून ५० अशी जोडी दिसली की पुष्कळदा एवढंच झालेलं असतं.

सांगलीकराला हे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या हिशेबात चटकन कळतं. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आधी येते, पुलाखालचं पाणी नंतर चढतं, आणि विसर्ग थांबला तरी लगेच उतरत नाही. सीआरपी म्हणजे आत्ता किती पाणी सुटतंय तो आकडा, ईएसआर म्हणजे पुलाखालची पातळी. पावसाळ्यात आपण सगळे ४० फुटाला इशारा आणि ४५ फुटाला धोका म्हणून त्या पट्टीकडे डोळे लावून बसतो. पण ती पट्टी कुणाच्या घराची भिंत खचली ते सांगत नाही. पाणी ओसरलं, पातळी पार खाली गेली, तरी २०१९ च्या पुरात पडलेली भिंत आपोआप उभी राहिली नाही. सांध्याचं हाड झिजणं म्हणजे ती भिंत. ते एक्स-रेत दिसतं, सीआरपीत नाही. म्हणून वाकड्या झालेल्या बोटांच्या जुन्या पेशंटचा सीआरपी २ असू शकतो, आणि अजून एकही बोट वाकडं न झालेल्या नव्या पेशंटचा ८०. आज धोका त्या नव्या पेशंटला जास्त आहे.

सीआरपीच्या रिपोर्टवर दोन गोष्टी तपासा. पहिली, एकक. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापट फरक आहे. एका ठिकाणचा २.४ आणि दुसऱ्या ठिकाणचा २४ हे एकच असू शकतात, आणि दहापट वाढला म्हणून रात्रभर झोप उडालेली माणसं मी बघितली आहेत. दुसरी, पद्धत. मशिनवर मोजलेला सीआरपी १७.३ असा येतो. काचपट्टीवर लॅटेक्सच्या थेंबात गुठळ्या होतात का बघून केलेली जुनी तपासणी ६, १२, २४, ४८ अशाच उड्या मारते, कारण रक्त दरवेळी दुप्पट पातळ करून बघतात. अशा रिपोर्टवर १२ चा २४ झाला तर तो खरंच दुप्पट झाला असं समजू नये. उपचार चालू असताना मशिनवरचाच सीआरपी घ्यावा, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केल्यापासून मिरजेला लांबलांबून, पार कर्नाटकातून, पेशंट येतात. त्यांचा पहिला रिपोर्ट गावचा, दुसरा मिरजेचा, तिसरा पाव्हण्यांच्या ओळखीतल्या लॅबचा. तीन लॅबचे तीन आकडे जोडून आजार चढला की उतरला ते ठरवणं अवघड जातं. "हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी" म्हणून जास्त पैशांची तपासणी असते, ती हृदयविकाराच्या जोखमीसाठी. संधिवातात तिची गरज नाही. आणि ईएसआर-सीआरपीला उपाशीपोटी यायचीही गरज नाही, तेव्हा चहा घेऊन या.

आकडा वाढला, सांधे शांत

आपल्या भागात ईएसआर उगाच वाढून येण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हिमोग्लोबिन. लाल पेशी कमी असल्या की त्या एकमेकींना न अडवता झटकन खाली बसतात. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईचा ईएसआर ५० आला तर त्यातला संधिवाताचा वाटा किती, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. शेजारी सीआरपी असेल तर उलगडतं, कारण हिमोग्लोबिनच्या कमतरतेने तो वाढत नाही.

गुंता आणखी पुढे आहे. ऱ्हुमॅटॉइड स्वतःही हिमोग्लोबिन उतरवतो. तोच इंटरल्यूकिन-६ यकृताकडून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवून घेतो, आणि शरीरातलं लोह असूनही अडकून पडतं. लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन हलत नाही अशी तक्रार आली तर दाह आटोक्यात आहे का ते बघावं लागतं. लोहाचा साठा बघायला फेरिटिन करतात, तर दाहात फेरिटिनही वाढतं. म्हणजे साठा रिकामा असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. सीबीसीच्याच (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर प्लेटलेट्सचा आकडा असतो, सहसा त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो साडेचार लाखांच्या वर असेल आणि सीआरपीही वाढलेला असेल, तर दाह जोरात असल्याची साक्ष तिथेही मिळते.

बाकीची कारणं भरभर सांगते. गरोदरपणात ईएसआर वाढतोच, तेव्हा तिथे तो बघूच नये. किडनीच्या आजारात वाढतो. वजन जास्त असेल तर सीआरपी थोडा चढा राहतो. क्षय, लघवीचा संसर्ग, पिकलेली दाढ, हिरड्यांचा जुना आजार या सगळ्यांत दोन्ही वाढतात. आणि चिकनगुनिया. २००६ च्या साथीने महाराष्ट्राला दाखवून दिलं की ताप जाऊन महिने लोटले तरी बोटं-मनगटं ऱ्हुमॅटॉइडसारखीच सुजलेली राहू शकतात, आणि सीआरपीही वाढलेला सापडतो. म्हणून ताज्या तापानंतर आलेल्या सांधेदुखीत डॉक्टर लगेच ऱ्हुमॅटॉइडचा शिक्का मारत नाहीत.

उलट बाजूही तितकीच खरी. ऱ्हुमॅटॉइडच्या दहा नव्या पेशंटांत तीन-चार जणांचे ईएसआर आणि सीआरपी सुरुवातीला नॉर्मल असू शकतात. मोजकेच छोटे सांधे सुजले असतील तर रक्तात उतरण्याइतका निरोप यकृताकडे जातच नाही. २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून आजार ओळखण्याची गुणपद्धत ठरवली. तिच्यात १० पैकी ६ गुण लागतात. किती आणि कोणते सांधे सुजलेत याला ५ पर्यंत गुण, रक्तातल्या प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) ३ पर्यंत, सहा आठवडे किंवा जास्त काळ झाला असेल तर १, आणि वाढलेल्या ईएसआर किंवा सीआरपीला? १. फक्त एक. "रक्तात काय निघालं न्हाई" म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

प्रतिपिंडांचं थोडक्यात. लोक ज्याला "आरए टेस्ट" म्हणतात तो ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर. तो वयस्कर निरोगी माणसांत, हिपॅटायटिस सीमध्ये, क्षयातही पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी ही दुसऱ्या एका प्रतिपिंडाची तपासणी त्याहून नेमकी. ती बरीच जास्त आली तर आजार असण्याची खात्री वाढते आणि तो सांधे झिजवणारा असण्याची शक्यताही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे प्रतिपिंड तयार होण्याचा धोका जास्त असतो. मात्र या दोन्ही तपासण्या एकदा केल्या की पुरे. औषध लागू पडतंय का हे बघायला दर तीन महिन्यांनी अँटी-सीसीपी करणं म्हणजे हजारभर रुपये पाण्यात. "आर्थ्रायटिस प्रोफाइल" नावाच्या पॅकेजात युरिक ॲसिड आणि एएसओ टायटरही घुसवलेलं असतं. पहिलं गाऊट या वेगळ्याच सांध्यांच्या आजारासाठी, दुसरं घशातल्या जंतूंच्या संसर्गाची खूण. पन्नाशीतल्या बाईच्या सुजलेल्या बोटांबद्दल एएसओ काहीच सांगत नाही.

तीव्रता मोजतात कशी

संधिवाततज्ज्ञ २८ सांधे दाबून बघतात: खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे मिळून ८, आणि दोन्ही हातांच्या बोटांचे २०. किती दुखतात, किती सुजलेत ते मोजतात. पेशंटला विचारतात, एकंदरीत किती त्रास आहे, ० ते १०० मध्ये सांगा. या तिन्हींत ईएसआर किंवा सीआरपी मिसळून एक आकडा निघतो, डास-२८. २.६ च्या खाली आला तर आजार शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. पावलं या २८ मध्ये नाहीत, हा या मोजमापाचा मोठा दोष. चप्पल घालताना तळवा दुखत असेल तर न विचारता सांगा.

एक उदाहरण करून बघू. सहा सांधे दुखतात, चार सुजलेत, ईएसआर ४८, त्रास ५०. डास-२८ येतो सुमारे ५.३, म्हणजे तीव्र. सांधे तेवढेच ठेवून ईएसआर फक्त २० केला तर येतो ४.७, मध्यम. ईएसआर २८ ने उतरला, पण तीव्रतेचा आकडा पाऊण सुद्धा हलला नाही, कारण सांधे अजून सुजलेलेच आहेत.

आता दुसरी बाजू. एकही सांधा दुखत नाही, एकही सुजलेला नाही, पेशंट म्हणते त्रास फार तर १०. पण हिमोग्लोबिन साडेआठ, म्हणून ईएसआर ४८. डास-२८ निघतो २.८५. सांधे पूर्ण शांत असूनही कागदावर आजार "शांत" गटात बसत नाही! ईएसआर ४१ च्या वर असेल तर बाकी सगळं शून्य असूनही हे सूत्र २.६ च्या खाली जाऊच शकत नाही. अशा बाईचं संधिवाताचं औषध वाढवायचं की हिमोग्लोबिनचा शोध घ्यायचा, याचं उत्तर सूत्राकडे नाही. सांध्यावर बोट ठेवणाऱ्या डॉक्टरकडे आहे. म्हणूनच सीडीएआय नावाचं दुसरं मोजमाप आलं. त्यात रक्ताची तपासणीच नाही: दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, पेशंटचे १० पैकी गुण आणि डॉक्टरांचे १० पैकी गुण यांची सरळ बेरीज. २.८ पर्यंत शांत, २२ च्या वर तीव्र. गर्दीच्या ओपीडीत मला तरी हेच जास्त कामाचं वाटतं, आणि लॅबवालीने असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणं आहे, हे मला कळतं.

मग सीआरपी हवा कशाला? कारण महिनोन्महिने चढा राहिलेला सीआरपी हाडांची झीज पुढे सरकण्याशी जोडलेला आहे. एकदा ४० येऊन दोन महिन्यांत ५ वर आला, त्याने फारसं बिघडत नाही. वर्षभर २५-३० वर रेंगाळला तर बिघडतं. सांध्यांचंच नाही; ऱ्हुमॅटॉइडच्या पेशंटला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो, आणि सतत धुमसणारा दाह त्यामागचं एक मोठं कारण. सुजलेले सांधे पुष्कळ, प्रतिपिंड खूप वाढलेले, सीआरपी चढा आणि एक्स-रेत लवकर दिसलेली झीज, या गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टर सुरुवातीपासून जोरदार उपचार करतात. पहिले तीन ते सहा महिने इथे फार मोलाचे. ते पुष्कळदा तेल चोळण्यात जातात.

औषधं आणि आकडे

दुखणं कमी करणाऱ्या गोळ्यांनी ईएसआर-सीआरपी फारसे हलत नाहीत आणि झीजही थांबत नाही. स्टेरॉइडने सीआरपी काही दिवसांत कोसळतो. गावोगाव मिळणाऱ्या बिनलेबलच्या "वाताच्या पुड्या" दोन दिवसांत गुण देतात तेव्हा आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यायला हरकत नाही. अशी पुडी घेत असताना केलेला सीआरपी नॉर्मल येतो, आणि डॉक्टरही चकू शकतात. म्हणून काय काय घेताय ते सगळं सांगा, लाजू नका. आणि महिनोन्महिने घेतलेली पुडी एका दिवसात बंदही करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं.

मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं मुख्य औषध, आठवड्यातून एकदा घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, त्यामुळे वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवावा. त्याचा परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांनी सीआरपी करून "उतरला नाही" म्हणून गोळी सोडणारे खूप भेटतात. तीन महिन्यांत काहीच सुधारणा नसेल किंवा सहा महिन्यांत आजार शांत झाला नसेल तर उपचार बदलायचे, असा जगभरचा शिरस्ता आहे.

हळदीबद्दल विचारलं जाणारच, आपण हळदीच्या बाजारपेठेत राहतो. हळदीतल्या कर्क्युमिनवर छोटे प्रयोग झालेत, काहींत थोडा फायदा दिसला. आमटीत घाला, दुधात घाला. मेथोट्रेक्सेटच्या जागी मात्र नाही.

टोसिलिझुमॅब या इंजेक्शनचं वेगळं आहे. ते इंटरल्यूकिन-६ चा निरोपच अडवतं, म्हणून यकृत सीआरपी बनवणंच जवळजवळ थांबवतं. सांधे सुजलेले असले तरी आकडा १ येऊ शकतो. हे इंजेक्शन चालू असलेल्या पेशंटचा सीआरपी आजाराचं मोजमाप म्हणून धरू नये. टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही काही प्रमाणात असंच करतात.

एरवी महिनोन्महिने १० च्या आसपास असलेला सीआरपी अचानक १०० च्या वर गेला, थंडी वाजून ताप आला, किंवा बाकीचे सांधे शांत असताना एकच सांधा लाल, गरम होऊन हलवता येईना, तर ते संधिवाताचं भडकणं समजून घरी थांबू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याच्या सांध्यात जंतू शिरले असतील तर तास महत्त्वाचे असतात. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जाऊन सांध्यातलं पाणी काढून तपासून घ्यावं लागतं. टोसिलिझुमॅबवर असाल तर अशा वेळी सीआरपी नॉर्मल येऊनही संसर्ग असू शकतो, तेव्हा रक्त घेणाऱ्याला आणि बघणाऱ्या डॉक्टरला इंजेक्शनचं नाव आणि शेवटची तारीख आधी सांगा.